गाव नीट बंद करायची पदवी

माझी मावसबहीण डार्ला शाइबल हिनं बावन्नाव्या वर्षी एम.ए. करायचं काढलं, तेव्हा आमच्या नात्यात कुणाला कौतुक वगैरे वाटलं नाही. आमच्याकडे, म्हणजे नॉर्थ डकोटाच्या मधल्या पट्ट्यातल्या जर्मन शेतकऱ्यांत, उतारवयात कुणी नवं काही काढलं की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. माझ्या भावानं मला फोन करून विचारलं, डार्लाला बरं आहे ना? मी म्हटलं, ठणठणीत आहे, फक्त तिला एक गाव बंद करायचंय आणि ते कसं करायचं याची पदवी हवी आहे. तो लगेच गव्हाबद्दल बोलायला लागला.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी बसते. प्राध्यापक मंडळींची जगात काय कीर्ती असेल ती असो, मी त्यांना त्यांच्या परत न आलेल्या पुस्तकांवरून ओळखते. डार्ला दर मंगळवारी मार्टेनहून दोन तास गाडी हाकत यायची, प्राध्यापकांना भेटायची आणि माझ्याकडे जेवून परत जायची. त्यामुळे ही सगळी गोष्ट माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडली असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या विद्यापीठात एक सोय आहे. ज्याला हवा तो विषय कुठल्याच विभागात मिळत नाही, त्यानं आपली पदवी आपणच आखायची. या विभागातले चार अभ्यासक्रम, त्या विभागातले तीन, असं जुळवायचं. तीन वेगवेगळ्या विभागांतले तीन प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून स्वतः शोधायचे, आणि आहेत त्या पदव्यांतली एकही आपल्याला का चालत नाही, हे लिहून एका समितीपुढे पटवून द्यायचं. ऐकायला फार उदार वाटतं. एका मुलानं गळ टाकून मासे धरणं आणि मनःशांती यांची सांगड घालून पदवी घेतलेली मला माहीत आहे. तो सध्या विमा विकतो.

डार्लाची गोष्ट वेगळी होती. ती चार मरत्या गावांची कारकून होती. आमच्याकडे तीस माणसांचं गाव असलं तरी त्याला महापौर असतो, पंच असतात, पाण्याची टाकी असते आणि ते सगळं कागदावर चालू ठेवणारं कुणीतरी लागतं. त्या पट्ट्यात ते काम करायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून चारही गावं तिच्याकडे. ती स्वतः राहायची मार्टेनला, काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मुख्य गावात, पण आठवड्याचे चार दिवस तिचे या गावांच्या पंपघरांत आणि बैठकांत जायचे. चारांतलं सगळ्यात वाईट दशेतलं टेल्मर. शाळा बंद, दुकान बंद, रेल्वेचा फाटा उखडलेला. एक चर्च महिन्यातून एकदा उघडायचं. उरलेली माणसं सगळी म्हातारी, आणि त्यांचा पुढारी एमिल वेट्झ, वय चौऱ्याऐंशी, बायको गेलेली, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

गाव मरतं तेव्हा नेमकं काय होतं ते डार्लानं घरात बघितलं होतं. तिचं जन्मगाव बेर्गथाल. ते कुणी बंद केलं नाही, ते नुसतं संपत गेलं. ही माणसं गेली, ती माणसं गेली, शेवटचा कारकून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. बर्फ काढायच्या गाडीच्या फेरीत कोणकोणती गावं धरायची हे दर शरदात गावांनी कळवायचं असतं. बेर्गथालकडून कळवणारंच कुणी नव्हतं, म्हणून ते गळलं. माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे डार्लाचे वडील, तेव्हा तिथेच होते. "मी कुठे जातोय," असं म्हणत बसलेले. जानेवारीत त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी स्वतः फोन केला, रुग्णवाहिका निघालीसुद्धा, आणि गावापासून तीन मैलांवर बर्फात रुतली. डार्ला त्या गाडीच्या मागे आपल्या गाडीत होती. तिथून गावातली टाकी दिसते. टाकीकडे बघत ती दुपारपर्यंत बसून राहिली.

त्यानंतर तिच्या डोक्यात हे शिरलं. घर बंद करताना आपण पाणी काढून टाकतो, वीज तोडतो, कुत्रं कुणाकडे तरी देतो, किल्ली शेजारी ठेवतो. मग गाव बंद करताना यातलं काहीच का करत नाही? कुणाला आधी हलवायचं, पंप कधी थांबवायचा, दफनभूमीचं गवत पुढे कोण कापणार, चर्चमधली घंटा कुठे जाणार, आणि जी बाई जायला नाहीच म्हणते तिच्याशी बोलायचं कुणी आणि कसं. हे सगळं शिकता येण्यासारखं आहे असं तिचं म्हणणं होतं. थोडा कायदा, थोडं समाजकार्य, थोडं पाण्याचं शास्त्र, थोडा इतिहास. ती ते बोलायला लागली की तिचा आवाज खाली जायचा.

तिनं काउंटीच्या मंडळापुढे योजना मांडली. पुढच्या हिवाळ्याच्या आत टेल्मर रीतसर बंद करायचं. गावानं मतदान करून नगरपण, म्हणजे गावाचा कायदेशीर दर्जा, सोडायचा, म्हाताऱ्यांना मार्टेनच्या वृद्धनिवासात खोल्या, मगच पाणी बंद. मंडळावरचे पाचही शेतकरी मान हलवत होते. मग त्यांतला एक म्हणाला की हे जोखमीचं काम आहे, उद्या कुणी कोर्टात गेलं तर आपण काय दाखवणार, एक कारकून बाई? त्या विषयातली पदवी असलेलं माणूस हवं. निदान पदवीला प्रवेश तरी घेतलेलं. डार्लानं सगळीकडे चौकशी केली. तो विषयच कुठे नव्हता. अख्ख्या देशात गावं वाढवण्याच्या पदव्या आहेत, बंद करण्याची एक नाही. मग मी तिला आमच्या विद्यापीठातली ती सोय सांगितली.

एमिलला तयार करायला तिला आख्खं वर्ष लागलं होतं. त्याच्या मागे बाकीचे येणार, आणि तो हलला नाही तर कुणीच हलणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. शेवटी तो म्हणाला, "तू स्वतः करणार असशील तर जातो. त्या काउंटीवाल्यांनी पाठवलेलं कुणी पोरगं आलं तर दाराशीच बंदूक घेऊन बसेन." त्यानं वृद्धनिवासात एका खोलीसाठी नाव घातलं आणि पुढच्या वसंतात त्याला खोली मिळणार होती. त्यानंतरच्या सप्टेंबरात जायचं ठरलं. म्हणजे डार्लाला मे महिन्याच्या आत प्रवेश मिळायलाच हवा होता. न मिळाला तर अजून एक हिवाळा टेल्मरला, आणि टेल्मरचा पंप अजून एक हिवाळा काढेल असं तिला वाटत नव्हतं.

अशी ती ऑक्टोबरात प्राध्यापक शोधायला आली.

पहिले डॉ. ऑस्बी, ग्रामीण अर्थशास्त्राचे. भला माणूस, पण परदेशी प्रवासाची पुस्तकं दोन दोन वर्षं घरी ठेवतो. त्यांनी डार्लाची पानं वाचली आणि फार चांगलं आहे, फार वेगळं आहे, असं म्हणाले. आमच्याकडे कुणी "वेगळं आहे" म्हटलं की समजायचं, आवडलेलं नाही. डार्लाला ते समजलं. ती वाट बघत बसली. मग ते हळूच म्हणाले की "गावांचं विसर्जन" हे नाव समितीला जड जाईल. त्याऐवजी "गावांचं संक्रमण" म्हटलं तर? डार्ला माझ्या घरी येऊन म्हणाली, "म्हटलं, म्हणा. नावात काय जातंय."

मी सूप वाढत होते. मी म्हटलं, जातंय काहीतरी, पण काय ते मला सांगता येत नाही.

दुसऱ्या डॉ. मार्शा फील्डिंग, नियोजनशास्त्राच्या. या कॅलिफोर्नियाहून आलेल्या, उत्साहाचा झरा. त्यांनी सांगितलं, मी मार्गदर्शक व्हायला तयार आहे, पण माझा "नवी वस्ती कशी आकर्षित करावी" हा अभ्यासक्रम तुमच्या आराखड्यात हवा, नाहीतर माझं काय काम? त्यांचंही खरं होतं. डार्लानं तो घातला. त्याला जागा करायला पाण्याच्या शास्त्राचा अभ्यासक्रम काढावा लागला. मग डॉ. ऑस्बींना वाटलं, नवी वस्ती येणार तर छोट्या उद्योगांचा अभ्यासक्रम हवाच. तो घातला, समाजकार्यातला म्हाताऱ्यांविषयीचा गेला. तिसरे इतिहासवाले. ते कशालाही सही करतात, त्यांनी केली.

इथे एक सांगते. हे लोक वाईट नव्हते. कुणी तिला फसवलं नाही. पण आमच्या या देशात संपणं हा शब्द कुणाच्या तोंडातून निघत नाही. इस्पितळात माणूस शेवटच्या घटका मोजत असतो आणि डॉक्टर त्याला पुढच्या पायरीबद्दल सांगत असतो. दुकान बुडतं तेव्हा दारावर पाटी लागते, नव्या प्रवासाला शुभेच्छा. आणि त्यात आमची जर्मन शेतकऱ्यांची जात अशी की समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकण्यासारखं. ते सांगत गेले, ही हो म्हणत गेली. दर मंगळवारी ती माझ्या टेबलाशी बसून पानं खोडायची आणि दर मंगळवारी तिचं गाव जरा जरा जिवंत होत जायचं.

फेब्रुवारीत मी तिला स्पष्ट विचारलं, "डार्ला, यात तुझं काय उरलंय?"

"दफनभूमी," ती म्हणाली. "दफनभूमीचा मुद्दा अजून आहे."

पुढच्या मंगळवारी तोही गेला. डॉ. फील्डिंगना तो वाचताना उदास वाटलं होतं.

ती रडली त्या दिवशी. मी तिला शेवटची रडताना तिच्या वडिलांच्या वेळी पाहिली होती, आणि तेव्हासुद्धा ती गाडीत जाऊन रडली होती. आता ती माझ्यासमोर बसून, सूप तसंच टाकून, हुंदके देत होती. म्हणाली, मला हे नकोय जोलीन, पण मला प्रवेश हवाय. प्रवेश मिळाला की काउंटी माझ्या हाती काम देणार, आणि एकदा हाती आलं की मी मला हवं तेच करणार. वर्गात काय शिकवतील ते शिकवू देत. सप्टेंबरात एमिल मार्टेनला आला पाहिजे, बाकी काय लिहिलंय कोण बघतंय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ते पटलं नव्हतं, पण तिच्याजवळ दुसरी वाट आहे असंही मला दिसत नव्हतं.

एप्रिलमध्ये समिती बसली. अशा बैठकीला बाहेरच्यांना बसू देतात, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. डार्लानं निळा कोट घातला होता, जो ती दफनविधींना घालते. तिच्याकडे दुसरा कोट नव्हता. समितीची प्रमुख बाई फार गोड बोलली. सगळ्यांना आराखडा आवडलाय म्हणाली. फक्त एक प्रश्न आहे.

"दहा वर्षांनी, तुमच्या या अभ्यासातून, टेल्मर कसं दिसेल? आम्हाला ते डोळ्यांसमोर आणायचंय."

खोलीत सगळे तिच्याकडे प्रेमानं बघत होते, तेच जास्त वाईट होतं. मला तिची पाठ दिसत होती. मला माहीत होतं तिच्या डोळ्यांसमोर दहा वर्षांनी काय आहे. गवत. नीट कुंपण घातलेली दफनभूमी, आणि एमिल वेट्झ त्यात आपल्या बायकोशेजारी, मार्टेनच्या उबदार खोलीत मेल्यानंतर वेळेवर आणून पुरलेला. एवढंच तिला हवं होतं.

"दिवे दिसतील," ती म्हणाली. "घरांतून दिवे लागलेले दिसतील."

डॉ. फील्डिंगनी डोळे पुसले. प्रवेश एकमतानं मंजूर झाला.

डार्लानं दुसऱ्याच दिवशी मंजुरीचं पत्र काउंटीच्या मंडळाला दाखवलं. मंडळानं ठराव केला, टेल्मरचं काम शाइबल बाईंकडे, मतदान ऑगस्टमध्ये. तिनं मला फोन केला तेव्हा ती हसत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, झालं जोलीन, गंगेत... नाही, आमच्याकडे गंगा नाही, आमच्याकडे मिझूरी नदी आहे, पण तिच्या बोलण्याचा अर्थ तोच होता. मीही बिअर उघडली.

विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्यांच्या बातम्या गावोगावच्या साप्ताहिकांना पाठवायची खोड आहे. कुणाला कसली शिष्यवृत्ती मिळाली, कुणाचं नाव कुठल्या यादीत आलं. साप्ताहिकांनाही पान भरायचं असतं, ती जशीच्या तशी छापतात. मे अखेरीस मार्टेनच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर डार्लाचा निळ्या कोटातला फोटो आला आणि वर मोठ्या अक्षरांत, "टेल्मरमध्ये पुन्हा दिवे लागणार." खाली डॉ. फील्डिंगचं म्हणणं, नवी कुटुंबं, छोटे उद्योग, विद्यापीठाचं पाठबळ. डार्ला त्या आठवड्यात आमच्याकडे होती, उन्हाळी वर्गासाठी. तिला बातमीचा पत्ताच नव्हता. कळलं ते वृद्धनिवासाच्या बाईंच्या फोननं. त्यांनी सहज विचारलं की वेट्झनी खोली सोडली आहे, ती आम्ही पुढच्या नावाला दिली, पण त्यांचं कपाट आधीच आलंय, ते परत कुणाकडे पाठवायचं?

मी तिच्याबरोबर गेले. तिला एकटीला गाडी चालवू द्यावी असं वाटलं नाही. टेल्मरला शिरताना आम्हाला आधी दिसलं ते बंद दुकान. त्याच्या खिडक्यांवरच्या फळ्या काढल्या होत्या. एमिलनं त्या वयात, त्या गुडघ्यांवर, शिडी लावून काढल्या होत्या. काचा पुसून लख्ख केल्या होत्या.

अग्निशमन केंद्राच्या खोलीत जेवण मांडलं होतं. डार्लानं फोनवर नुसतं येतेय एवढं सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला होता. भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, सॉसेज, लोणच्याची काकडी आणि तीन तऱ्हांचं कुखन, म्हणजे आमचा साईचा गोड केक. आख्खं गाव एका लांब टेबलाशी मावलं होतं. बायकांनी केस करून घेतले होते. टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आमच्यात तशी पद्धत नाही, पण एमिल उठला आणि त्यानं तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली. त्याला मी जन्मात कुणासाठी खुर्ची ओढताना पाहिलं नव्हतं.

"मग," तो म्हणाला, "किती घरं येतायत?"

डार्ला बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "एकही नाही, एमिल."

कुणीतरी कॉफीचं भांडं गॅसवरून उतरवलं.

"ते मी प्रवेशासाठी लिहिलं," ती म्हणाली. "तसं लिहिल्याशिवाय ते घेत नव्हते. कुणी येणार नाहीये. आधी आपलं ठरलं होतं तेच आहे. ऑगस्टात मतदान, सप्टेंबरात तुम्ही मार्टेनला. खोली गेलीय, मी दुसरी मिळवते. माझ्या घरी राहा तोवर. तो पंप या हिवाळ्यात टिकणार नाही, मी तुमच्या पाया पडते, ऐका माझं."

एमिलनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. रागावला असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. आपण तापातल्या पोराकडे बघतो तसं तो तिच्याकडे बघत होता.

"तू दमलीयेस पोरी," तो म्हणाला. "बाप गेल्यापासून तुला सगळीकडे मरणच दिसतं. आम्ही समजतो ते. पण हे तू म्हणत नाहीयेस, विद्यापीठ म्हणतंय. तिथे शिकलेली माणसं आहेत. तीन तीन प्राध्यापकांनी सह्या केल्यात. ते काय उगाच करतील?"

"त्यांनी टेल्मर पाहिलेलंसुद्धा नाही."

"मग येतील की बघायला. बस आता. हॉटडिश गार होतंय."

आणि ती बसली. काय करणार होती? सगळ्यांनी तिच्या ताटात वाढलं. शेजारच्या म्हातारीनं तिच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं की तिनं नातीला फोन केलाय, नात म्हणाली विचार करते. नात तिकडे वाळवंटातल्या फिनिक्सला असते, तिला बर्फ बघितला की ताप येतो. डार्ला मान हलवत होती. ती खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं, आणि टेबलावरचे सगळे ते न बघितल्यासारखं करत होते, कारण आमच्याकडे ते सभ्यपणाचं मानतात.

पुढचं सांगायला मला फार आवडत नाही. डार्लानं समितीच्या प्रमुख बाईंना भेटून सांगितलं की आराखडा खोटा आहे, माझा प्रवेश रद्द करा, आणि तसं छापा. बाईंनी तिला पाणी दिलं. म्हणाल्या, पहिल्या सत्रात सगळ्यांनाच वाटतं आपण या लायकीचे नाही, त्याला एक नावही आहे, आणि त्यासाठी विद्यापीठात समुपदेशक बसतात. शिवाय टेल्मरच्या सगळ्या गावकऱ्यांनी सही करून आभाराचं पत्र पाठवलंय, असं कधी कुठल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेलं नाही. साप्ताहिकाच्या संपादकानं सांगितलं, चांगली बातमी मागे घ्यायची पद्धत नाही. ऑगस्टात टेल्मरनं मतदान केलं आणि गाव बंद करायला नकार दिला. काउंटीच्या मंडळानं सुटकेचा निःश्वास टाकला. आता बंद करायचंच नाही म्हटल्यावर वृद्धनिवासातल्या राखीव खोल्या सोडून दिल्या, आणि डार्लाचं ते काम संपलं. तिच्या हातात राहिले ते पदवीचे वर्ग. नवी वस्ती कशी आकर्षित करावी, सोमवारी आणि बुधवारी.

ती मंगळवारी यायची थांबली. मी फोन केला की ती पंपघरात असायची. सप्टेंबर गेला, ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला. पंप बंद पडला की टाकी रिकामी व्हायला आणि नळ गोठायला एक रात्र पुरते. मार्टेनहून टेल्मरला पोचायला उघड्या रस्त्यावर पाऊण तास लागतो, आणि जानेवारीत रस्ता उघडा नसतो. हे तिला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात तिनं मला सामान हलवायला बोलावलं. मार्टेनचं घर तिनं भाड्यानं दिलं होतं आणि टेल्मरला पंपघराच्या शेजारचं एक रिकामं घर घेतलं होतं. त्या घराचं छत एका बाजूनं खचलेलं आहे. आम्ही गादी आत नेली, शेगडी नेली, दिवा नेला. मी तिला म्हटलं, किती वर्षं अशी राहणार आहेस? ती म्हणाली, शेवटचा माणूस जाईपर्यंत. मग पंप मी बंद करीन. ती हे अगदी साधं बोलली. मी गादीवर चादर घालत राहिले.

अंधारून आलं तसा तिनं दिवा लावला आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. एमिल होता. टोपीवर बर्फ, हातात कुखनचं ताट, वर फडकं झाकलेलं. तो आत आला, त्यानं भिंतींकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, खचलेल्या छताकडे बघितलं आणि त्याचा म्हातारा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघायला लागले.

"बघ," तो डार्लाला म्हणाला, "मी सांगत नव्हतो? लोक यायला लागले."